सातवं बंदर

घरात त्याला बारक्या म्हणत, आणि वयाची अडतिशी आली तरी म्हणतच होते. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या आणि बसवायच्या, हे त्याचं काम. सोळा वर्षं तेच. गिऱ्हाइकांना त्याचं तोंड क्वचितच दिसे.

इंटरनेटवर मात्र त्याला तीन हजार माणसं ओळखत. 'सात बंदरं' या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा गट तो चालवायचा. गेम आला तेव्हा बारक्या कॉलेजात होता आणि ताई शाळेत चित्रकला शिकवायला नुकती लागली होती. दोघांनी मिळून एका सुट्टीत तो खेळून काढला. बटणं त्याच्या हातात, नकाशे तिच्या वहीत. जहाज सहाव्या बंदरातून सुटलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: सातवं बंदर दुसऱ्या भागात.

"हा काय चावटपणा!" ताई कडाडली होती.

दुसऱ्या भागाची तारीख जाहीर झाली, मग पुढे गेली. असं पाचदा झालं. बघता बघता सतरा वर्षं उलटली. गटात सुरुवातीला लोक तारखांवरून भांडायचे, नंतर नुसत्या टवाळ्या उरल्या. "घोषणा झाली तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, आता तीच मला गेममध्ये हरवते," असं एकाने लिहिलं होतं. सगळ्यांत कडवट बारक्या. नव्या तारखेखाली तो एकच शब्द टाकायचा: "बरं."

पण आतून तो वाट बघत होता, आणि त्याला कारण ताई होती. चार वर्षांपूर्वी ती दाराच्या चौकटींना धडकायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा सुकत चाललाय, यावर इलाज नाही. हा नंबरचा प्रश्न नाही, हे बारक्याइतकं कोणाला कळणार? तरी त्याने तिच्यासाठी एकापाठोपाठ तीन चष्मे बनवले. तिने तिन्ही मुकाट्याने लावून पाहिले आणि ठेवून दिले.

"कधी येतोय रे आपला गेम?" ती विचारायची.

"पुढच्या वर्षी म्हणतायत."

"मग त्यांना सांग, जरा हात चालवा."

गेल्या वर्षी तिची शाळेतली नोकरी सुटली. आता तिला उजेड आणि अंधार, एवढंच कळत होतं.

अशात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, नवा ट्रेलर आला. गटात नुसता कल्ला झाला. टवाळखोरांनी जाहीर माफ्या मागितल्या. बारक्यानेही या वेळी 'बरं' लिहिलं नाही. मालकांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तो थेट घरी आला आणि मोबाइल हातात धरून ताईला एकेक दृश्य सांगू लागला.

"धक्का दिसतोय. रात्र आहे. जहाज लागतंय..."

"डावीकडून एक बाई कंदील घेऊन येते का?"

तो थबकला. "हो."

"नऊ पायऱ्या उतरते. दहावी पाण्याखाली."

त्याने मोजल्या. नऊच होत्या.

"अरे, हा सात वर्षांपूर्वीचाच आहे," ताई म्हणाली. "मी पोरांना तो धक्का काढायला दिला होता. तेव्हा संध्याकाळ होती. यांनी रात्र केली, एवढंच."

त्याने जुना ट्रेलर शोधून दोन्ही शेजारी लावले. बाईच्या पदराची सळसळसुद्धा तीच होती. सात वर्षांत त्या लोकांनी फक्त रंग बदलला होता.

त्याने गटात तसं लिहिलं. लोक त्याच्यावर तुटून पडले. तुला कोणाचा आनंद बघवतच नाही, म्हणाले. हजारभर माणसं निघून गेली आणि त्यांनी आपला वेगळा गट काढला. चूक कोणी पकडली, हे बारक्याने कोणालाच सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी कंपनीचं दोन ओळींचं पत्रक आलं: दुसऱ्या भागाचं काम कायमचं थांबवत आहोत. काही जण परत येऊन "तुझंच खरं होतं" असं लिहून गेले. त्याने कोणालाही उत्तर दिलं नाही. आपलं खोटं ठरावं म्हणून तो किती वर्षं थांबला होता, हे त्यांना काय सांगणार?

ताईला कसं सांगायचं, या विचारात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते.

"आता त्या गटाचं काय करणार?" ताईने विचारलं.

"कुठल्या?"

"बारक्या, माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो. मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

ताईने चाचपून दोन मोजे उचलले, एकमेकांत गुंडाळले आणि त्याच्याकडे दिले. एक काळा होता, एक निळा. त्याने ते तसेच कपाटात ठेवले.