हँडलाची थरथर
काल शेजाऱ्यानं नव्या दारावर घोड्याची नाल ठोकली आणि माझं डोकंच फिरलं. ऐंशी सालच्या सुमारास दाजीबानपेठेतल्या आमच्या कापडदुकानाची तीनचाकी मालरिक्षा मी चालवायचो. जरा वेग घेतला की हँडल थरथरायचं. माझे वडील, अप्पा, भर गिऱ्हाइकांत ओरडायचे, "हँडलाला काय झालंय? तुझे हात कापतात. पितोस तू!" मी थेंबालाही शिवलो नव्हतो. शेवटी संतापून पुढचं चाक उचललं आणि फिरवून पाहिलं. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबायची. चाकाचं झाकण उचकटलं तर आत तारेनं घट्ट बांधलेली नाल! गाडीला दृष्ट लागू नये म्हणून अप्पांनीच बांधलेली. ती काढून त्यांच्या गादीवर आपटली. थरथर थांबली. अप्पा गिऱ्हाइकांना म्हणाले, "पोरानं दारू सोडली बघा." आणि काल शेजारी विचारतो, "अण्णा, हात का कापतायत हो तुमचे?"