कानातल्या चिपमधली जागा

धम्मप्रिया हट्टी आहे, हे मी तिला तोंडावर सांगतो. सोलापुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही दोघं कानाच्या मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. तिची आई मीनाबाई टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलं आणि कान गेले. माग बिघडायला लागला की आधी त्याचा आवाज बदलतो. तो कळेनासा झाला, कापडात खोट येऊ लागली. मालकानं सांगून टाकलं, "मावशी, दिवाळीनंतर घरी बसा." मीनाबाईंना घरी बसायचं नव्हतं, आणि लेक त्यांना बसू देणार नव्हती.

तिनं आमच्याच मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम घातला. गोंगाट कापायचा, माणसाचं बोलणं पुढं आणायचं. टेबलावर झकास चालला. बाईसाहेब मोठ्या तोऱ्यात कारखान्यात गेल्या, मी मागोमाग. मीनाबाईंनी मशीन कानात घातलं आणि दचकून मागाकडं पाहिलं. माग चालूच होता.

"आई, माझं बोलणं येतंय का ऐकू?"

"तुजं येतंय की. पर माग कुटं गेला?" त्यांनी मशीन काढून लेकीच्या हातावर ठेवलं. "हितं बोलतंय कोण, बाय? आमी हातानं नि व्हटानं बोलतो. मला माग ऐकायचाय."

खरंच होतं. त्या खडखडाटात सगळं खुणांवर चालतं. विणकराच्या घरात वाढलेली ही पोरगी ज्याला गोंगाट समजली, तोच आईच्या कामाचा आवाज होता. बाहेर येऊन ती आधी रडली, मग स्वतःवरच चिडली आणि नाक पुसून म्हणाली, "पुन्हा लिहिते."

तोंडानं म्हणणं सोपं. असेंब्ली या चिपच्या भाषेत तिला एकेक हुकूम सुटा द्यावा लागतो, मेमरीतली जागाही आपणच वाटायची, आणि जागा चिमूटभर. मागाचा नेहमीचा आवाज ठेवायला एक कप्पा, आत्ताच्या आवाजाला दुसरा, दोन्हींतला फरक काढून तो कानात मोठा करायला तिसरा. तिसरा काही बसेना.

"मोठी चिप घे," मी म्हटलं.

"ती बॅटरी खाते. पाळी संपायच्या आत मशीन मान टाकेल."

तिनं मशीनमधली फोन आणि गाणी ऐकायची सोय उडवली. तरी जागा कमीच. शेवटी एकाच कप्प्यात दोन हिशेब बसवले, एकाचं उरकलं की तिथंच दुसरा. तिच्या घरी दिवसपाळीचे वडील आणि रातपाळीचे काका एकाच खाटेवर झोपायचे, तसं. पण आवाज चढला की पहिला हिशेब लांबायचा, दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडायचा आणि कानात नुसती करकर. चिप चूक झाली म्हणून ओरडत नाही, मुकाट बिघडते. धम्मप्रियानं पहिल्याचं काम छाटलं आणि तो उठल्याशिवाय दुसऱ्याला आत सोडायचं नाही, असा पहारा बसवला. मला त्या पोरीचा अभिमान वाटला. बोललो नाही, नाहीतर डोक्यावर बसली असती.

पुन्हा कारखाना. मीनाबाईंनी मशीन घातलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग एकदम आपला माग सोडून त्या शेजारच्या सोजरबाईच्या मागाकडं धावल्या आणि तो बंद केला. सोजरबाई हात उडवून विचारत होती, काय झालं? मीनाबाईंनी वाकून तुटलेला धागा दोन बोटांत वर धरला. सोजरबाईला त्याचा पत्ताच नव्हता.

मालक दारात उभे होते. मीनाबाई त्या सगळ्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाल्या, "आता सांगा की, बसू घरी?"

उत्तराची वाट न बघता त्या आपल्या मागाकडं वळल्या.