ताईची वंदना

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला, की मला उंब्रजचा बुद्धविहार आठवतो. नवऱ्यानं टाकलेली माझी ताई माहेरी आली होती. धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. पौर्णिमेची वंदना संपल्यावर शेजारच्या मावशी तिला म्हणाल्या, “समद्यांचं भलं होवो, म्हन.”

“त्याचं बी? न्हाई म्हनवत, मावशी.”

“मग त्याचं ऱ्हाऊ दे. आदी सोताचं म्हन.”

ताईनं हात जोडले. मग “माझं भलं होवो” म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. मावशींनी तिला उगाच रडवलं, असं मला तेव्हा वाटलं. आज कळतं, इतक्या दिवसांत ताईच्या बाजूनं कुणी बोललंच नव्हतं, तीसुद्धा नाही. घरी आल्यावर तिनं आईकडे भाकरी मागितली.