योग्य पर्यायावर खूण करा

प्रश्नावल्या तयार करणं हा माझा धंदा. नवीन पनवेलात आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथे बसून मी जगाला प्रश्न विचारते. लोकांची उत्तरं एक्सेलमध्ये जातात, तिथून रिपोर्टमध्ये आणि तिथून कपाटात. ज्या उत्तरांना फॉर्मवर चौकोनच नसतो, ती मात्र माझ्याकडे साठत राहतात. त्यातली निम्मी माझीच फजिती आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

जासईला कंटेनर यार्डांबद्दल लोकांचं मत विचारत होतो. "यार्डांमुळे गावाचं भलं झालं," हे विधान वाचायचं आणि पुढे पाच पर्याय द्यायचे, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. दोन दिवस घासून बनवलेले पर्याय हो! एका आजोबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाचही पर्याय नीट ऐकून घेतले आणि विचारलं, "यातला तुमाला कंचा पायजे? उन्हातनं आलाय तुमी, रिकामं कशाला पाठवू?"

मी कोकम सरबत पिऊन निघाले. तो फॉर्म अजून कोराच आहे.

खांदा कॉलनीत टॅबवर पहिला सर्व्हे केला, तेव्हा तर मी हवेतच होते. एक रिटायर्ड बँकवाले काका भेटले. मुलं किती? एकही नाही. झालं, पुढचा प्रश्न गाळला जायला हवा होता, पण ते सेटिंग मी विसरले होते. टॅब हटून बसला: पहिल्या मुलाच्या जन्माच्या वेळी तुमचं वय काय होतं? उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. माझा घामाघूम चेहरा बघून काकांनाच दया आली. हळूच म्हणाले, "लिहा अठ्ठावीस. फक्त आत ही चहा करतेय, तिला ऐकू जाऊ देऊ नका."

ट्रेनिंगमध्ये मी टेबल बडवून सांगते की एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची. फील्डवर जाणारी आमची वैशाली हे ऐकून ऐकून कंटाळली आहे. एकदा ती गावातून परतली आणि तिने सगळ्यांसमोर माझाच प्रश्न वाचून दाखवला: तुम्ही व तुमचे पती मुलांच्या शिक्षणाबाबत समाधानी आहात का? त्यावर बाईचं उत्तर होतं, "मी नाय, तो हाय. कुनाचं लिवता?" ऑफिस आठवडाभर मला तेच विचारत होतं.

आता वीटभट्टीचं सांगते. भट्टीवर राबणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं घाटत होतं. पैसे देणाऱ्यांची अट सरळ होती: मुलांकडे बघायला कुणी नसतं हे सर्व्हेत दिसलं, तरच पाळणाघर. प्रश्न मी लिहिला: तुम्ही कामावर असताना मुलाला कोण सांभाळतं? आजी, मोठं भावंड, शेजारी, इतर व्यक्ती.

वैशालीने फॉर्म भरून आणले. सगळी मुलं सांभाळलेली! एकही मूल एकटं नाही. म्हणजे पाळणाघर बोंबललं. मी वैशालीला सरळ म्हणाले की तू हे घरी बसून भरलेस. दुसऱ्या दिवशी ती मला स्कूटीवर घालून भट्टीवर घेऊन गेली. तिच्यावर असा आळ घेतल्याची मला आजही लाज वाटते.

पहिलीच भेटली ती सुनंदा, डोंगराकडच्या वाडीतली. विटा थापत होती. मी शेजारी उकिडवी बसले आणि माझ्या ट्रेनिंगमधल्या गोड आवाजात प्रश्न वाचला. पर्याय वाचले. यातला एकच निवडायचा, हेही सांगितलं.

ती खोपटाकडे बघत होती. तिथे सावलीत दीड-दोन वर्षांचं पोर मातीत खेळत होतं. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी होती आणि तिचं दुसरं टोक खोपटाच्या लाकडी मेढीला बांधलेलं होतं. पोर चार पावलं पुढे यायचं, पट्टी ताणली गेली की बसायचं.

सुनंदाने मला पर्याय पुन्हा वाचायला लावले. मी वाचले. हातातला चिखल साच्यात दाबत ती म्हणाली, "ताई, यात दोरी नाय लिवली तुमी."