वहिनीचे मासे आणि माझी मुलाखत

पीएचडीच्या जागेची जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा मी नंदुरबारच्या बाजारात आईजवळ बसले होते. आई मासे विकते. जाहिरात समुद्राकडच्या एका विद्यापीठाची होती आणि विषय होता मासेमारीतली स्त्री-पुरुष विषमता. शिष्यवृत्तीही होती. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. सुट्ट्या संपत आल्या की पुन्हा बोलावतील की नाही, या धास्तीने मला जेवण जात नाही. म्हणून मी ती जाहिरात दोनदा वाचली आणि मग आईला वाचून दाखवली.

"मासासवर बी पीएचडी व्हस का?" रोहूचे खवले काढता काढता तिने विचारलं.

"मासे धरणाऱ्या, विकणाऱ्या बायांवर."

"मंग मन्हावरच लिखी टाक, घर बठी." ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. "पन नोकरी लागी का?"

तसं जाहिरातीत काही लिहिलेलं नव्हतं. अर्ज मात्र मी केला.

मुलाखतीचं बोलावणं आलं आणि पाठोपाठ तिथल्या मार्गदर्शक बाईंचा फोन. "समुद्राबद्दल सगळेच बोलतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिल्ह्यात धरणाचं एवढं पाणी आहे. तिथल्या बायांशी एकदा बोलून या. मुलाखतीत आम्ही तेच विचारू."

माझी एक जुनी विद्यार्थिनी मणिबेलीच्या बाजूच्या, नर्मदेकाठच्या गावातली. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरीच या. माझी मोठी वहिनी एकटी नाव घेऊन जाते पाण्यात."

मुलाखत ऑनलाइन होती, पण काठावर रेंज नसते. म्हणून असं ठरलं की एक मुक्काम करायचा आणि मुलाखतीच्या दिवशी दुपारपर्यंत मोलगीला येऊन तिथून बोलायचं. आईला हे अजिबात पटलं नाही. "तुले पोहता बी येत नही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

जीपने आणि पुढे पायी आम्ही काठावर पोहोचलो. वहिनी नाव घेऊन आली होती. माझ्याच वयाची असावी. मी दोन्ही हातांनी नावेची कड घट्ट धरून बसले. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले होते. "खाली आमचं जुनं गाव आहे," विद्यार्थिनी म्हणाली. पलीकडच्या गल्लीबद्दल बोलावं तितक्या सहज. मी खाली बघायचं टाळलं.

संध्याकाळी चुलीपाशी वहिनी बोलली. ती तिच्या बोलीत सांगत होती, विद्यार्थिनी मला मराठीत समजावत होती. विचारून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. मच्छीमारांची मंडळी, म्हणजे सहकारी संस्था, झाली तेव्हाही तो तिकडेच होता, त्यामुळे सभासद झाला तो त्याचा धाकटा भाऊ. जाळं वहिनी टाकते, काढते, पण मंडळीच्या वजनकाट्यावर मासे दिराच्या नावाने मोजले जातात. पैसे त्याच्या हातात येतात. तो देतो, पण मागावे लागतात. "बाईला कशाला सभासद करायचं, असं म्हणतात," ती म्हणाली. मग मोबाइलकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे ऐकणार कोण?"

मी विद्यापीठाचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते फार लांबचं वाटलं.

तेवढ्यात दीर दारात आला. काठावर कोणीतरी माझ्या गळ्यातलं कॉलेजचं ओळखपत्र पाहिलं होतं, आणि सरकारची बाई मंडळीची चौकशी करायला आली आहे असं गावभर झालं होतं. तो बहिणीवर, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीवर, ओरडला आणि मग मला मराठीत म्हणाला, "दुसऱ्याचे मासे माझ्या नावावर जातात हे वर कळलं तर मला काढून टाकतील. उद्यापासून हिचे मासे माझ्या नावावर नकोत."

तो चिडला होता, पण त्याहून जास्त घाबरला होता. मी सरकारची नाही हे मी परोपरीने सांगितलं. तो न ऐकताच निघून गेला. विद्यार्थिनी रडवेली झाली. तो तिचाच भाऊ. वहिनीने भाकऱ्या थापायला घेतल्या आणि म्हणाली, "जाळं टाकलेलं आहे. सकाळी मासे तर निघणारच."

आपण एक संध्याकाळ येऊन बोलतो काय आणि या बाईचं रोजचं काम बंद पडतं काय!

सकाळी ती पाण्यावरून आली ती दोन मोठे कटले आणि बरेच रोहू घेऊन. मी खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. मोलगीची जीप भरली की निघून जाते, दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नाही. तरी मी तिच्यामागून काट्यापाशी गेले. दीर तिथे हाताची घडी घालून उभा होता.

"कोणाच्या नावावर?" काटेवाल्याने विचारलं.

दिराने मान फिरवली. वहिनी म्हणाली, "माझ्या."

"तुझं नाव मंडळीत नाही."

मासे जमिनीवर तसेच पडून. ऊन वाढत होतं. विद्यार्थिनी भावाजवळ गेली. "हिच्या पोरी उद्यापासून तुझ्या चुलीवर जेवायला येतील. चालेल?"

त्याने हाताची घडी सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ते बोलणं माझ्यासमोर पुसा. मग मासे माझ्या नावावर जाऊ देतो."

मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे तेवढं एकच होतं. पण आवाज वहिनीचा होता. मी तिच्याकडे पाहिलं.

"पुसून टाक," ती म्हणाली. "मी काही विसरणार नाही. पुन्हा सांगेन."

मी त्याला मोबाइल दाखवत ते पुसलं. काटेवाल्याने मासे काट्यावर घेतले.

मोलगीला पोहोचले तेव्हा मुलाखतीची वेळ झालीच होती. एका दुकानामागच्या ओट्यावर रेंज मिळाली. समोर जीपवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "प्रत्यक्ष कोणाशी बोललात का?"

"बोलले. रेकॉर्डही केलं होतं. आज सकाळी पुसलं."

"मग पुरावा काय?"

मी काट्यापाशी काय झालं ते सांगू लागले आणि मध्येच स्क्रीन थांबली. माझ्यापुढे मार्गदर्शक बाईंचा अर्धवट उघड्या तोंडाचा चेहरा तसाच राहिला. पुन्हा जोडणी मिळाली तेव्हा त्या "धन्यवाद" म्हणत होत्या. त्यांनी किती ऐकलं, मला कळलं नाही.

निकाल लागेपर्यंत मी ईमेल उघडायलाच घाबरत होते. उघडला तो आईच्या शेजारी बसून. निवड झाली होती. खाली मार्गदर्शक बाईंनी लिहिलं होतं की पहिलं काम म्हणून, तुमच्याशी बोलणाऱ्या बायांना त्रास होऊ नये यासाठी काय करणार, ते लिहून आणा.

आईने सगळ्या बाजाराला पेढे वाटले. मी मात्र त्याच दिवशी विद्यार्थिनीला फोन केला. वहिनी अजून सभासद नव्हती. मासे दिराच्याच नावाने जात होते, पैसे मागावेच लागत होते. दीर मात्र परवा विचारत होता, त्या बाई परत येणार का म्हणून.

"रागाने विचारत होता की कसं?" मी म्हटलं.

"तेच मलाही कळलं नाही, मॅडम," ती म्हणाली.