चुन्यानं भाजलेला डोळा

शिराळ्याकडच्या आमच्या गुऱ्हाळावर उसाचा रस निवळायला चुना वापरतात. आधी पाळी कुणाच्या उसाची, यावरून धाकट्या चुलत भावाशी वाद झाला आणि त्यानं कालवलेल्या चुन्याचं भांडं माझ्या तोंडावर फेकलं. चुना डाव्या डोळ्यात गेला. शेजारी पाण्याची टाकी भरलेली होती. मी तिकडं वळलो, तर त्यानंच माझा हात धरला.

"पानी नगं दादा! चुना उकळंल!"

बाकीच्यांनाही ते पटलं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा रटरटतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं. डोळ्यात तूप घातलं गेलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी पापणीआडचे कण काढले, डोळा बराच वेळ धुतला आणि विचारलं, "लगेच पाणी का मारलं नाही?" बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजला होता. स्टेरॉइडचे थेंब सुरू झाले, तासातासाला. लाली उतरली, ठणका थांबला आणि डॉक्टरांनी थेंब कमी केले. मी कारण विचारलं.

"हे सुजेपुरतं. जखम भरली नसताना जास्त दिवस घातलं, तर पडदा पातळ होऊन फुटू शकतो."

नजर किती परत येईल, ते त्यांनी सांगितलं नाही.

भावाची सैन्यात निवड झाली होती. पोलिसांत नाव गेलं की ती संपली. चुलते त्याला घेऊन घरी येऊन बसले. मी एवढंच म्हणालो, "या डोळ्यानं ह्याला ओळखलं, की विषय मिटला. तोवर पोलीस ठाणं काही लांब नाही."

तेव्हापासून मला मोटारसायकलवर सांगलीला तोच नेई. हात धुऊन थेंबही तोच घाली. मग मी उजवा डोळा झाकायचा आणि त्यानं समोर उभं राहायचं.

"दादा, दिसतंय का?"

"धुकं हाय."

"लय?"

"लय."

गेल्या खेपेला तपासणीला मी एकटाच आत गेलो. डॉक्टर म्हणाले, जखम भरली. कडेला पांढुरका डाग राहील, पण नजर वाचली. बाहेर भाऊ उभा होता. त्याचा हजर व्हायचा दिवस जवळ आला होता. मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. आधी मिशी दिसली, मग हनुवटीवर वस्तऱ्यानं कापल्याची ताजी रेघ.

"दादा, आता?"

"कोण हाय?" मी विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही मला स्वच्छ दिसलं.