नाक-डोळे कुणीही काढतं

“नाक-डोळे कुणीही काढतं,” असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट हवेत उचलायचा आणि समोरच्याला काही कळलेलं नाही याची खात्री झाल्यावरच खाली घ्यायचा. आता तो लेकीकडे राहायला गेलाय, तरी ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नाशिक रोडला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. देव, नवरा-नवरी, पदवीचा काळा झगा घातलेली मुलं आणि वारलेली माणसं, असं माझं गिऱ्हाईक. त्यात हा प्रतीकवादी चित्रकार, राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुकानाच्या वर. असा एखादा तुमच्याही शेजारी असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याच्या चित्रातली कुठलीच वस्तू स्वतः नसायची. शिडी म्हणजे मोह. पालथं घमेलं म्हणजे काळ. एकदा मी विचारलं, “आणि ही बकरी?” तर म्हणाला, “ती मी.” त्याबाबत आमचं दुमत नव्हतं.

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने नव्या बंगल्याच्या हॉलसाठी त्याच्याकडे कांद्याचं चित्र मागितलं. याने भलामोठा रडणारा डोळा काढला. फ्रेम माझी, म्हणून टेम्पोत मीही होतो. व्यापारी चित्राकडे बघतच राहिला.

“सर, ह्यात कांदा कुठं हाय?”

“तुमच्या डोळ्यांत पाणी येईल, तोच कांदा.”

“आमच्या डोळ्यात पाणी भाव पडल्यावर येतं, सर. ते हॉलमंदी कशाला टांगू?”

डोळा त्याच टेम्पोतून परत आला. नाकारलं जाणं हाही चित्राचाच भाग असतो, हे त्याने मला घरापर्यंत समजावलं.

घर चालायचं ते बायकोच्या नोकरीवर. बाई सिन्नरच्या शाळेत शिकवायच्या, रोज एसटीने जाऊन-येऊन. परतल्या की भाजीची पिशवी खाली ठेवून दुकानाच्या पायरीवर माझ्या बायकोशी बोलत बसायच्या. नवऱ्याकडे त्यांचं एकच मागणं होतं: माझं चित्र काढा. याने काढलं. बंद शेगडी आणि तिच्यावर एक किल्ली. “ही तूच,” म्हणाला.

बाईंनी चित्र नीट पाहिलं. “चांगलंय. पण एकदा माझ्यासारखं दिसणारं काढा ना.”

“तेवढं तर मोबाइलही करतो,” म्हणून हा हसला. मला त्या हसण्याची चीड आली. अजूनही येते.

मग बाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी माझ्या बायकोला म्हणाल्या, “वहिनी, यांनी घरातलं सगळं काढलं बघा. कुकरची शिट्टीसुद्धा. मी तेवढी राहिले.” बायकोने ते त्याच्या कानावर घातलं. हा म्हणाला, “मनात चाललंय.” बाई गेल्या तेव्हाही ते मनातच चाललं होतं.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या पत्र्यावर कावळे बसले होते, पण एकही उतरेना. लेक रडत म्हणाली, “आई, बाबांना मी सांभाळीन.” कावळे जागचे हलले नाहीत. तेवढ्यात याने बोट उचललं. “कावळा येत नाही, यालाही एक अर्थ आहे.”

गुरुजी वैतागले. “अर्थ नंतर बघू, ऊन चढलंय. बाईंची काही इच्छा राहिली असेल तर हात जोडून बोला.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. माझी बायको तर अशी बघत होती, की मीच जरा बाजूला सरकलो. बोट खाली आलं. “काढतो,” तो म्हणाला. “तुझंच काढतो. तुझ्यासारखंच.”

कावळा उतरला. शब्दासाठी उतरला की भातासाठी, ते गोदामाई जाणे.

शब्द मात्र त्याने पाळला. आधार कार्ड, लग्नाचा अल्बम, लेकीचा मोबाइल, सगळं समोर ठेवून त्याने चेहरा काढला आणि कॅनव्हास घेऊन दुकानात आला. याला काही येत नाही म्हणून हा शिड्या आणि घमेली काढतो, अशी माझी पक्की समजूत होती. पण हात चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. त्याने माझ्या बायकोला बाहेर बोलावलं.

“वहिनी, हीच ना?”

बायकोने पुष्कळ वेळ पाहिलं. “चेहरा त्यांचाच आहे, भाऊजी. पण त्या अशा बघायच्या नाहीत.”

“मग कशी बघायची?”

तो खरंच विचारत होता.

“पायरीवर बसून माझ्याकडे कशा बघायच्या, ते मी सांगेन. तुमच्याकडे कशा बघायच्या, ते मला काय माहीत? तिथे तुम्ही होतात.”

त्याला टाकून बोलायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मी तोंड उघडलंही होतं. पण तो काउंटरला टेकून डोळे मिटून उभा होता, आठवत होता, आणि त्याला काहीही आठवत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. बायकोने माझा हात दाबला.

शेवटी त्याने डोळे उघडले, चित्र कापडात गुंडाळलं.

“फ्रेम नको,” म्हणाला आणि जिना चढून गेला.